हात वर केला म्हणून

मी एक जुनी काठी आहे. साडेतीन फूट उंच, चौकोनी अंगाची, डोक्यात एक खाच, आणि अंगावर हिरव्या रंगाचे इतके थर की आतले लाकूड कसे दिसते हे मीच विसरले आहे. सध्या एका छपरीत खिडकी उघडी राहावी म्हणून मला टेकू लावून ठेवले आहे. तेव्हा मित्रांनो, मानसन्मानाच्या गोष्टी ऐकायला बसला असाल तर आत्ताच उठा. मला जे सांगायचे आहे ते रागाने सांगायचे आहे, आणि ते एकाच दिवसाचे आहे.

लंडनच्या दक्षिण अंगाला दर उन्हाळ्यात पंधरा दिवस गवतावरच्या टेनिसची मोठी स्पर्धा भरते. तिथे पुरुष एकेरीच्या सामन्यांना मी उभी राहायचे. जाळी असते दुहेरीच्या मापाची, चांगली रुंद. एकेरीला मैदान अरुंद होते. म्हणून दोन्ही बाजूंना रेषेबाहेर तीन फुटांवर जाळीखाली एकेक काठी उभी करतात आणि जाळीची वरची दोरी काठीच्या खाचेत बसवतात. तेवढा सामना जाळी माझ्यापाशी संपली असे समजायचे. चेंडू माझ्या डोक्याला लागून मैदानात पडला तर तो चांगला. माझ्या पलीकडे, खांबाकडच्या जाळीला लागून पडला तर बाद. म्हणजे खेळ कुठे संपतो ती हद्द मी. एवढी मोठी जबाबदारी, आणि तोंड नाही.

मला ज्या सुताराने घडवले त्याचे नाव कुणी लिहून ठेवलेले नाही. तिथे नावे कोरतात ती चषकावर, आणि तीही जिंकणाऱ्यांचीच. शाबासकी मला आयुष्यात एकदाच मिळाली. स्पर्धेचे मुख्य अधिकारी फेरी मारताना म्हणाले, काठ्या सरळ दिसताहेत. माझ्या जोडीदारणीला आणि मला ती चार वर्षे पुरली.

मला हाताळायचा तो विल्फ हॉब्डे. मैदानाचा माळी. बावीस वर्षे त्याने मुख्य मैदानाचे गवत कापले, रूळ फिरवला, चुन्याच्या रेषा ओढल्या. पण तिथल्या खुर्चीवर बसून त्याने एकही सामना पाहिला नव्हता. सामना सुरू झाला की माळ्यांनी झुडपांच्या कुंपणामागे उभे राहायचे, असा नियम. ज्याने गवत वाढवले त्याने ते पानांच्या फटीतून बघायचे. हा नियम ज्यांनी केला ते खुर्चीत बसून मलईत बुडवलेल्या स्ट्रॉबेऱ्या खायचे.

विल्फला एक मुलगा, नेव्हिल. टपाल खात्यात पत्रे निवडायच्या कामाला होता. टेनिस त्याला बापानेच शिकवले, नगरपालिकेच्या भेगा पडलेल्या डांबरी मैदानावर. आधी रॅकेट धरायला शिकवले, आणि लगेच त्या लोकांची एक रीत शिकवली. चेंडू जाळीच्या काठाला घासून पलीकडे टपकला, नशिबाने गुण मिळाला, तर हात वर करायचा. म्हणजे समोरच्याची माफी मागायची, की बाबा रे, यात माझे कौशल्य काही नाही. श्रीमंतांची मुले ही रीत घरातून घेऊन येतात. विल्फला वाटायचे, आपल्या पोराला कुणी अडाणी म्हणायला नको. म्हणून त्याने ती घोटून घेतली होती. हात वर झाला नाही तर घरी परतताना बाप त्याच्याशी बोलत नसे.

त्या वर्षी नेव्हिल चौतीस वर्षांचा होता. पात्रता सामने जिंकून तो स्पर्धेत आला आणि पुढच्या दोन फेऱ्याही जिंकला. शनिवारी तिसरी फेरी होती, कोपऱ्यातल्या मैदानावर. ती जिंकली तर सोमवारी मुख्य मैदान. आणि मुख्य मैदानावर खेळणाऱ्याला घरच्यांसाठी दोन खुर्च्या मिळतात. नेव्हिलने आईला, आयव्हीला, सांगून ठेवले होते की त्या दोन खुर्च्यांवर तू आणि बाबा बसायचे. आयव्हीने शेजारणीची निळी टोपीसुद्धा मागून ठेवली होती.

त्या दिवशी विल्फ मला रोवत होता, तेव्हा त्याचा जोडीदार पर्सी जवळच रेषेवरचा चुना झाडत होता.

"काय रे विल्फ, सोमवारी सकाळी तू गवत कापणार आणि दुपारी तुझंच पोरगं ते तुडवणार म्हणे."

"तुडवू दे," विल्फ म्हणाला. "घरचंच गवत आहे."

"आणि तू खुर्चीत बसणार? पायातलं खत धुऊन ये म्हणजे झालं."

विल्फ हसला. पण फीत लावून त्याने रेषेपासून तीन फूट तीनदा मोजले. माझ्या डोक्यावरचा रंग बोटाने चाचपून पाहिला. दरवर्षी स्पर्धेच्या तोंडावर आम्हाला नवा हिरवा रंग देत. त्या वर्षी ऊन इतके होते की वाळलेला रंगही मऊ होऊन चिकट झाला होता. विल्फने बोट विजारीला पुसले आणि कुंपणामागे गेला.

समोर होता रोलंड कर्सलेक. आजोबांपासून क्लबचा सभासद. त्याची कपडे बदलायची खोली वरची, नेव्हिलची खालची. स्पर्धा एकच, दरवाजे दोन. खेळ मात्र चांगला होता त्याचा, हे मी नाकारणार नाही. दोघे चार तास झुंजले. पाचव्या सेटमध्ये नेव्हिल आठ-सात असा पुढे गेला. सर्व्हिस त्याची, गुण चाळीस-तीस. आता एकच गुण हवा होता.

कर्सलेक धावत जाळीपाशी आला आणि त्याने चेंडू तिरका मारून नेव्हिलला माझ्या बाजूला पार बाहेर ढकलले. नेव्हिल पळाला. पडता पडता त्याने रॅकेट घातली. चेंडू खालून, बाहेरून, सरळ माझ्याकडे आला.

टक्.

माझ्या डोक्याला लागला, मित्रांनो. लाकडाला. तिथून दिशा बदलून तो आत गेला आणि रेषेवर पडला. चुना उडाला. कर्सलेक माझ्यापासून दोन पावलांवर होता. नेव्हिल गुडघ्यांवरून उठला. तो जिंकला होता. तिसरी फेरी, सोमवार, दोन खुर्च्या, सगळे जिंकला होता. आणि बापाने शिकवले होते तसा त्याने हात वर केला. माफी मागितली.

पंच एलरबी जाळीच्या दुसऱ्या टोकाला, उंच खुर्चीवर. एका शाळेचे मुख्याध्यापक, हौसेने पंचगिरी करणारे. सूर्य त्यांच्या डोळ्यांवर होता. त्यांना दिसले एवढेच की चेंडू कशाला तरी लागून आत आला. काठीला की काठीपलीकडच्या जाळीला? ते क्षणभर अडखळले. मग त्यांना दिसला वर केलेला हात. चेंडू पलीकडे लागला हे हा भला माणूस स्वतःच कबूल करतोय, असे त्यांनी धरले.

"ड्यूस," ते म्हणाले. म्हणजे चाळीस-चाळीस; गुण कर्सलेकला.

नेव्हिल हस्तांदोलनाला जाळीकडे निघाला होता. तो थांबला. मग खुर्चीखाली जाऊन उभा राहिला.

"साहेब, चेंडू काठीला लागला."

"हॉब्डे, तुम्ही हात वर केलात."

"तो नशिबाबद्दल, साहेब. गुण माझाच आहे."

"आधी कबूल करायचं आणि मग फिरवायचं? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." पंच कर्सलेककडे वळले. "मिस्टर कर्सलेक, तुम्ही जवळ होतात. तुम्हाला काय दिसलं?"

कर्सलेकने माझ्याकडे पाहिले. चांगले रोखून पाहिले. लाकडाचा आवाज त्याने ऐकला होता. जाळीचा आवाज असा नसतो, हे शेंबडे पोरही सांगेल. मग त्याने रॅकेटच्या तारा बोटांनी सरळ केल्या.

"मला सांगता येणार नाही, साहेब."

मी ओरडले. माझ्या लाकडात जेवढे धागे आहेत तेवढ्यांनी ओरडले. बाहेर काय आले? काही नाही. मी सरळ उभी. काठ्या सरळ दिसत होत्या.

झुडपाची एक फांदी हलली, आणि पर्सीने विल्फची बाही धरून ठेवलेली मला दिसली. माळी मैदानात आला तर सामना त्याच्या पोराच्या हातून जातो. नेव्हिलने वाद घातला नाही. वाद घालणे हेही त्याला शिकवलेले नव्हते. पुढचे दोन गुण गेले, मग पुढचे दोन गेम, मग आठ-दहा. तेवढा वेळ जाळी मीच धरून ठेवली. मी एवढे करू शकत होते. पडू शकत नव्हते.

जाळीवर हात मिळवताना कर्सलेक म्हणाला, "आज नशीब नव्हतं तुमचं." नेव्हिल म्हणाला, "छान खेळलात." माझ्या समोरच म्हणाला.

मैदान रिकामे झाल्यावर विल्फ मला उपटायला आला. नेव्हिल बाकावर बुटांच्या नाड्या सोडत बसला होता. विल्फने मला धरले आणि त्याचा हात थबकला. माझ्या डोक्यावर, चिकट हिरव्या रंगात, अंगठ्याएवढा पांढरा ठसा होता. चेंडूची लव त्यात चिकटली होती. पलीकडच्या जाळीला लागलेल्या चेंडूची लव काठीच्या डोक्यावर येत नाही.

"हे बघ," तो म्हणाला. "मी हे घेऊन वर अधिकाऱ्यांकडे जातो. आत्ता."

नेव्हिलने ठशावरून बोट फिरवले.

"बाबा, काठी कुणी रंगवली?"

"मी."

"रोवली कुणी?"

विल्फने मला खाली टेकवले.

"मग ते काय म्हणतील? बापानं कापूस चिकटवला म्हणतील. तुमची नोकरीपण जाईल. आणि पंचानं दिलेला गुण वरचे बदलत नाहीत, तुम्हाला माहीत आहे."

"हात वर करायला मीच शिकवलं रे तुला."

"चांगलंच शिकवलंत," नेव्हिल म्हणाला. टोमणा नव्हता तो. तो टोमणा असता तर विल्फला सोसला असता.

सोमवारी सकाळी विल्फने मुख्य मैदानाचे गवत कापले आणि दुपारी ते कर्सलेकने तुडवले. निळी टोपी शेजारणीला परत गेली. नेव्हिल पुन्हा त्या स्पर्धेत उतरला नाही.

त्यानंतर नऊ वर्षे विल्फ मला रंग द्यायचा, पण डोक्यावरचा अंगठ्याएवढा तुकडा सोडून. एकदा मोठ्या माळ्याने विचारले की हे असे अर्धवट काम का. विल्फ म्हणाला, तिथे रंग धरत नाही. कर्सलेक पुढे समितीवर गेला. मैदाने तपासताना माझ्यापाशी आला की तो ठशाकडे न बघता पुढे जायचा. न बघायला जागा नेमकी माहीत असावी लागते.

विल्फ निवृत्त झाला. नव्या माळ्याने मला डोक्यापासून पायापर्यंत एका दमात रंगवले. त्याची चूक नाही, त्याला कुणी सांगितलेच नव्हते. पुढे एकेरीसाठी वेगळी जाळी आली, आणि मी खिडकीला टेकू झाले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असे माझ्यासारख्या काठीने शेवटी सांगायचे असते. मला जपू नका. मी पुष्कळ जपली गेले आहे, थरांवर थर. 'मला सांगता येणार नाही' हे वाक्य माझे होते. ते खरेच ज्याला लागू आहे अशी त्या मैदानावर मी एकटी होते, आणि ते बोलला तो तोंड असलेला माणूस. तुमच्यापुढे कधी कुणी हात वर केला, तर तो का केला हे आधी विचारा. आणि तुम्हाला आवाज ऐकू आला असेल तर तसे सांगा. एवढेही होत नसेल, तर कधी या छपरीत या, चाकू घ्या आणि माझ्या डोक्यावरचा रंग हळू हाताने खरवडा. पांढरी लव अजून आत आहे.