शून्यावर संपणारी शक्ती

धाकट्या बहिणीचं पत्र तीन आठवडे टेबलावर पडून होतं. तिला ऐकू कमी येतं, त्यामुळे आमचा कारभार पत्रांचा. तिने लिहिलं होतं, ‘शक्तीबाबांच्या यंत्रावर माझा आकडा नव्वदवरून नऊशे वीस झाला. नऊशेच्या वर गेलेल्यांना औषध लागत नाही म्हणतात. रक्तदाबाच्या गोळ्या महिनाअखेरीस बंद करणार आहे. दादा, तू जन्मभर यंत्रांत काम केलंस. तू नको म्हणालास तर थांबेन.’

मी नको म्हणणार होतोच, पण का, ते सांगता येईना. यंत्र न पाहता मत कसं द्यायचं? चार ओळी लिहायचो आणि फाडायचो.

मग बाबा आमच्याच गावी आले. शेजारच्या नर्सबाईंनी मला जवळजवळ ओढतच सभागृहात नेलं.

आत पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर एक डबी, तिच्यावर धातूची चकती, पुढे बोटभर पडदा. त्यावरचा आकडा भिंतीवर मोठा करून दाखवत होते. बाबांनी बटण दाबून यंत्राची ‘शुद्धी’ केली. एका शिंप्याने चकतीवर तळहात ठेवला. ९१. मग बाबांनी शालीतून हात काढून चकतीवर टेकले. १०४. पुन्हा शिंप्याचा हात. आकडा हळूहळू उतरला, शंभरावर थबकला आणि एकदम ९९०. शेवटी ९२० वर स्थिरावला. लोक उभेच राहिले.

“आधी अहंकार उतरतो, मग शक्ती चढते,” बाबा म्हणाले. “यंत्राला ना बायको, ना पोरं. ते कशाला खोटं बोलेल?”

पुढच्या शिक्षिकेला ९३० मिळाले, हवालदाराला ९४०. सगळ्यांची शक्ती शून्यावरच कशी संपते? आणि भर सभेत माझे कान तापले. कारखान्यात मी वजनकाट्यासाठी लिहिलेल्या पहिल्याच प्रोग्रॅमने नव्व्याण्णव किलोच्या पोत्याचं वजन नऊशे नव्वद दाखवलं होतं. साहेबांचा तो चेहरा अजून आठवतो.

उठून बोलायचं धाडस होईना. मी नर्सबाईंच्या कानात सांगितलं. त्या चहाचा गरम पेला आणि गार पाण्याचा पेला घेऊन सरळ मंचावर गेल्या.

“बाबा, आमच्या पेल्यालाही थोडी शक्ती द्या.”

वस्तूला श्रद्धा नसते, असं बाबा म्हणू लागले. पण लोकांना गंमत वाटत होती. चहाचा पेला चकतीवर ठेवला, आकडा १३० वर गेला. मग पाण्याचा पेला. आकडा उतरत उतरत शंभरावर आला, एकदम ९९० झाला आणि ७०० वर थांबला.

“म्हणजे माझ्यात आणि पेल्यात दोनशे वीसचाच फरक?” शिंपी म्हणाला.

हशा पिकला. नर्सबाईंनी मला मंचावर बोलावून माइक माझ्या हातात कोंबला. मी अडखळत सांगितलं, की हा साधा तापमापक आहे, फॅरनहाइटचा. सी भाषेतला प्रोग्रॅम मोजलेल्या आकड्याची अक्षरं करून पडद्याच्या घरांत लिहितो. शंभराला तीन घरं लागतात, नव्व्याण्णवला दोन. तिसऱ्या घरातलं जुनं शून्य कोणी पुसलंच नाही, तर ते तिथेच राहतं. प्रोग्रॅममध्ये आकडा लिहायच्या “%d” या खुणेऐवजी “%3d” लिहिलं, की आकड्यासाठी तीन घरं राखली जातात आणि उरलेलं घर कोरं होतं. एका अंकाची दुरुस्ती. मीही ती विसरलो होतो.

मी बटण दाबलं. पडदा पुसला गेला. पेला तोच, पाणी तेच. ७०.

बाबा घाईने उठले, तशी शालीतून गरम पाण्याची रबरी पिशवी खाली पडली. शिंप्याने ती उचलून अदबीने त्यांच्या हातात दिली.

घरी येऊन मी एका बैठकीत पत्र लिहिलं. ‘बाई गं, तुझा आकडा ब्याण्णव आहे, आणि तोही तळहाताच्या उबेचा. गोळ्या चालू ठेव. त्यांच्याबद्दल काय ते डॉक्टरांना विचार. यंत्रावर आकडा दिसला, की तो कशाचा, कोणी लिहायला लावला, हे विचारत जा. विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही. उत्तराला उशीर झाला. चूक माझी.’

या वेळी फाडलं नाही. टपालाची गाडी सुटायच्या आत पत्र पेटीत टाकून आलो.