सांधेबाबा आणि फुटका हौदा

रोपवाटिकेच्या आवारात त्या सकाळी रोपांपेक्षा माणसंच जास्त होती. सगळ्यांच्या माना दादाच्या छोट्या मालवाहू गाडीकडे वळलेल्या. माती, दगड, कुंड्या वाहून वाहून तिच्या मागच्या प्लास्टिकच्या हौद्याला तळापासून काठापर्यंत तडा गेला होता. नवा हौदा कधी मिळेल याचा नेम नव्हता, आणि नेमक्या अशा वेळी सांधेबाबा उगवले.

"तुटलेलं जे जे, ते ते माझं!" बाबा गरजले. "कप तुटो, कंबर तुटो, नाही तर काळीज तुटो!"

"वा!" गर्दी म्हणाली. कप आणि कंबर एका रांगेत कसे बसले, हे कुणी विचारलं नाही.

बाबांनी तड्यात पांढरी भुकटी दाबली. मग कुठल्याच भाषेत नसलेलं काहीतरी पुटपुटले, त्यामुळे ते सगळ्यांना फार गहन वाटलं. शेवटी निमुळत्या तोंडाच्या चांदीच्या डबीतून 'अमृताचे' थेंब सोडले. चर्र झालं. पांढरा धूर निघाला. दादाने बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"आई गं! तापलंय! आणि दगडासारखं घट्ट झालंय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझी वहिनी अगदी पुढे उभी होती. बाजारात तिचं नखं सजवायचं दुकान आहे. धुराने तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"भक्तीने डोळे भरले हो हिचे!" शेजारीण म्हणाली.

"भक्तीला असा वास येत नाही," वहिनी नाक पुसत म्हणाली.

हौद्यापुरतं असतं तर मीही हसून सोडून दिलं असतं. पण दादाने हात जोडले. "बाबा, आईचं मनगट मोडलंय. डॉक्टरांनी प्लास्टर घातलंय."

"प्लास्टर?" बाबा पोट धरून हसले. "भिंतीला घालतात ते? अरे वेड्या, प्लास्टिक काय नि हाड काय, अमृताला सगळं सारखंच. उद्या ते कवच कापून घेऊन ये तिला."

घरी आल्या आल्या दादा मोठी कात्री शोधायला लागला. आईही तयार. "आतून इतकं खाजतंय रे! एका थेंबात सुटका होत असेल तर होऊ दे की."

मी तोंड उघडणार, तोच वहिनीने मला डोळ्यांनी गप्प केलं. "अहो, कात्री ठेवा. उद्या बाबांसमोरच कापू," ती दादाला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट. आईला खुर्चीवर बसवून वहिनीने एक फुटकी बादली सगळ्यांसमोर ठेवली. पिशवीतून वाटीभर खायचा सोडा आणि नखं चिकटवायच्या गोंदाची बाटली काढली.

"मंत्र हवाच असेल तर पाढे म्हणते," ती म्हणाली. "बे एके बे..."

चर्र! धूर! बादली सांधली गेली.

"या, लावा हात. गोंद सोड्याला लागला की क्षणात घट्ट होतो आणि तापतो. त्याचीच वाफ डोळ्यांना झोंबते. असला गोंद मी रोज वापरते. माझी गिऱ्हाइकं पाया पडत नाहीत, रंग जरा फिका द्या म्हणतात."

बाबा लालबुंद झाले. "तो गोंद! हे अमृत! माझा सांधा हत्ती पेलेल!"

"हत्ती कशाला? तुम्हीच बसा हौद्यात," मी म्हणालो. "गतिरोधकावरून एक चक्कर मारू."

बाबांना एकाएकी गुडघेदुखी आठवली. सांध्यांच्या स्वामींचे गुडघे दुखतात हे ऐकून पहिल्यांदाच कुणीतरी खुदकन हसलं.

मग दादाने हौद्यात ओली माती भरली आणि गाडी फाटकाबाहेरच्या गतिरोधकावर घातली. कडकन आवाज आला. दिव्य सांधा पापुद्र्यासारखा सुटला आणि माती भसाभस रस्त्यावर आली.

दादा खाली उतरला. त्याने तड्याकडे पाहिलं, मग आईच्या हाताकडे. "मी हे आईच्या..."

"मेल्या, हे ओतणार होतास होय माझ्या हातावर?" आई बाबांवर कडाडली. पण बाबा तोवर सटकले होते. पळताना गुडघे अगदी ठणठणीत होते! गर्दीने त्यांना कोपऱ्यावर गाठून चौकीत नेलं. कालच्या टाळ्या वाजवणारेच त्यात पुढे होते, हेही सांगून ठेवतो.

हौदा आम्ही वर्कशॉपमध्ये नेला. त्याचं प्लास्टिक मेणासारखं गुळगुळीत, त्यावर असला गोंद धरतच नाही. तिथल्या माणसाने तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. कडा तासल्या, गरम हवेने त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी वितळवून खाच भरली आणि खालून पट्टी जोडली. सगळी दुपार त्यात गेली. बघायला कुणी थांबलं नाही. हौदा मात्र आजही माती वाहतो आहे.

आईचं प्लास्टर डॉक्टरांनीच, त्यांच्या हिशोबाने काढलं. खाज तेवढी तिने सोसली.

म्हणून मंडळी, कुणी चमत्कार दाखवला की हात जोडण्याआधी एवढंच विचारा, डबीत काय आहे? खरं जाणणारा माणूस या प्रश्नावर चिडत नाही, समजावून सांगतो. सांडलेली माती फावड्याने परत भरता येते. आईचा हात कायमचा वाकडा झाला असता, तर आम्ही कुणाच्या तोंडाकडे पाहिलं असतं?