दोघांचं एक नाव

माझ्या बायकोने जन्मात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, तीही फुकटची. एक नाव. डोंगरावर, बर्फासमोर उभं राहून ते मी एकदा मोठ्याने घ्यायचं होतं. मी घेतलं नाही. लोक माझ्याबद्दल म्हणतात, इसेबालुकू फार शांत स्वभावाचा माणूस आहे. लोकांना काय, गप्प बसणारा प्रत्येक जण शांतच वाटतो.

आमच्याकडे, रुवेन्झोरी डोंगराच्या उतारावर, मुलाचं नाव ठेवायला डोकं चालवावं लागत नाही. आईच्या पोटचा पहिला मुलगा बालुकू, दुसरा ब्वाम्बाले, तिसरा मासेरेका, अशी रांग ठरलेली. मुलींची रांग वेगळी. मी थेम्बो, म्हणजे पाचवा. बायको इथुंगू, तीही पाचवी. लग्नात माझा मामा म्हणाला होता, "दोघंही उरलेसुरले. जमेल यांचं." एखादं मूल दगावलं तरी त्याची जागा पुढच्याला मिळत नाही, पुढचा आपल्याच जागी राहतो. त्यामुळे आमच्यात कुणाचं नाव ऐकलं की त्याच्या आईची आधीची बाळंतपणंही कळतात.

आणि मूल झालं की बापाला पुढे त्याच्या स्वतःच्या नावाने फारसं कुणी हाक मारत नाही. माझा मुलगा जन्मला त्या दिवसापासून मी इसेबालुकू झालो, बालुकूचा बाप. तो सहा वर्षांचा असताना गोवराने गेला. त्याच्यामागे आम्हाला दुसरं मूल झालं नाही. नाव मात्र माझ्याजवळ राहिलं, आणि मला ते हवंच होतं. वाटेत कुणी "इसेबालुकू!" म्हणून हाक मारली की वाटायचं, पोरगा माझ्यामागेच कुठेतरी रेंगाळतोय, येईल.

तीस वर्षं मी परक्या लोकांची ओझी वर नेली, पुढे वाटाड्या झालो. त्यात जोडपी फार. पहिल्या दिवशी हातात हात, दुसऱ्या दिवशी चिखल, तिसऱ्या दिवशी एकमेकांशी बोलणं बंद. मग बर्फ दिसलं की रडत रडत मिठी. खाली उतरून गरम पाण्याच्या झऱ्यात बसायचे आणि मला म्हणायचे, जन्माचं सार्थक झालं. घरी आल्यावर मी त्यांच्या नकला करायचो आणि इथुंगू चुलीपाशी लोळून हसायची. शेवटी मात्र नेहमी म्हणायची, "एकदा मलाही न्या ना वर."

"नेईन की. बर्फ कुठं पळून जातंय?"

असं मी चोवीस वर्षं म्हणत होतो. मग माझे गुडघे गेले आणि मी वर जाणं सोडलं. त्यालाही सहा वर्षं झाली होती. तरुण वाटाडे सांगायचे की पूर्वी जिथून सरळ बर्फावर पाय टाकायचो तिथे आता शिडी लावावी लागते. एका सकाळी इथुंगूने कसाव्याचं पीठ डब्यात भरायला घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही येताय, की मी एकटी जाऊ?"

"कुठं?"

"वर. पळून चाललंय ते. सगळं गाव सांगतंय."

मी तिचा चेहरा बघितला आणि रबरी बूट शोधायला गेलो. माझ्याकडे दोन सॅक होत्या, परक्यांनी टाकून दिलेल्या. एकीची चेन तुटलेली, ती मी घेतली. निघालो तर कुंपणापाशी शेजारीण उभीच.

"इथुंगू, म्हातारपणी मधुचंद्र गं?"

"तुझ्या नवऱ्याने नेलं नाही म्हणून जळतेस होय?"

"वर काय पुरून ठेवलंय तुझं, एवढं मरत जायला?"

एरवी इथुंगू कुणाचं ऐकून घेणारी नव्हती. यावर मात्र ती खाली बघून चालू लागली.

चालायला ती माझ्यापेक्षा चांगली निघाली. जन्मभर कॉफीची पोती वाहिलेली बाई ती. बांबूच्या रानात मी थांबलो की म्हणायची, "काय हो वाटाडे, ओझं देऊ का कुणाकडे?" दलदलीत गवताच्या एका गठ्ठ्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत जावं लागतं. मी तिला पाय कुठे टाकायचा ते सांगत होतो आणि मीच कमरेपर्यंत आत गेलो. ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. पाऊस तर रोजचाच. संध्याकाळी झोपडीत बूट उलटे करून पाणी ओतायचं, वाळलेली मासळी आणि कसाव्याच्या पिठाचा शिजवलेला गोळा, बुंडू, खायचा, अंगाला अंग लावून पडायचं. मी सुखात होतो. हे सांगायला आता लाज वाटते, पण होतो.

पिठाच्या डब्यात तिने दोन अंडी खुपसून आणली होती, फुटू नयेत म्हणून. तिसऱ्या सकाळी मी एक काढलं तर तिने हातातून हिसकावलं.

"दोनच आहेत. हात लावू नका."

"एक तुला, एक मला. हिशेब सरळ आहे."

"नाही सरळ," ती म्हणाली आणि डबा आपल्या सॅकमध्ये ठेवला.

पाचव्या दिवशी दुपारी आम्ही शेवटच्या झोपडीच्या वर, जिथे बर्फ सुरू व्हायचं तिथे पोचलो. तिथे एका खडकावर माझ्या हातची लाल रंगाची खूण आहे. त्या खुणेपाशी बर्फाची कड यायची, मी कित्येकांना तिथे बूट बदलायला बसवलं होतं. खूण होती. पुढे नुसता घासलेला खडक होता आणि त्यावरून पाण्याचे ओघळ. बर्फ वर, दूर, एका उभ्या कड्याच्या पलीकडे दिसत होतं. तिथवर दोरखंडाशिवाय जाता आलं नसतं, आणि इथुंगूचं डोकं सकाळपासून ठणकत होतं.

"ते?" तिने बोट दाखवलं. "मळक्या गोधडीसारखं?"

"पूर्वी असं नव्हतं."

"म्हणजे मला उशीर झाला." ती खुणेच्या खडकावर बसली, डबा उघडला, दोन्ही अंडी पुसून खडकाच्या खाचेत शेजारी शेजारी ठेवली. मग म्हणाली, "एक सांगायचंय. ओरडू नका, इथं धाप लागेल."

"सांग."

"बालुकू माझा पहिला नव्हता."

 ती बर्फाकडे बघून सांगत राहिली. ती सतरा वर्षांची असताना शाळा बांधायला एक गवंडी आला होता. शाळा उभी राहिली आणि तो सरहद्दीपलीकडे निघून गेला. मुलगा झाला. नऊ दिवस जगला. आईने त्याला कॉफीच्या झाडांमागे पुरलं आणि इथुंगूकडून शपथ घेतली की हे लग्नानंतर कुणाला कळता कामा नये.

"त्याचं नाव बालुकू होतं. नऊच दिवस, पण होतं. मग आपला झाला. त्याला ब्वाम्बाले म्हटलं असतं तर तुमच्या आईने लगेच विचारलं असतं, पहिला कुठंय? म्हणून मी थोरल्याचं नाव काढून धाकट्याला घातलं. मेलेलं पोर, त्याला कशाला हवं, असं वाटलं तेव्हा." तिने खाचेतली अंडी नीट बसवली. "मी अंगणातून हाक मारायचे, बालुकू, जेवायला ये. दोघंही ऐकत असणार. थोरल्याला वाटलं असेल, आई आपल्यालाच बोलावतेय. तो आला, आणि धाकट्याला घेऊन गेला."

"वेड्यासारखं बोलू नको. गोवर होता."

"गोवर चाळीस पोरांना झाला. गेलं आपलंच."

खाली दरीतून ढग वर येत होते. ती माझ्याकडे वळली.

"नाव बापाने बदलायचं असतं. किटासाम्बा देव त्या बर्फात बसलाय. पोरं तोच देतो, तोच मोजतो. ते वितळायच्या आत त्याच्यासमोर एकदा धाकट्याला ब्वाम्बाले म्हणा. म्हणजे दोघांना आपापलं नाव मिळेल. उद्या मी मेले आणि तिकडे जाऊन हाक मारली, तर कोण येईल हे तरी मला कळायला हवं ना?"

मला राग आला होता. गवंड्याचा नव्हता. चाळीस वर्षांपूर्वीच्या गवंड्यावर काय जळायचं? माझा मुलगा पहिला होता. माझ्या घरात, माझ्या खांद्यावर तो पहिलाच होता, आणि ही त्याला एक जागा मागे सरकवत होती. तो गेल्यावर माझ्याजवळ त्याचं म्हणून जे एक उरलं होतं तेच ती मागत होती.

"आणि मी कोण?" मी म्हणालो. "इसेब्वाम्बाले? लोक विचारतील पहिल्याचा बाप कोण, मग सांगू गवंड्याचं नाव?"

"लोकांना कोण सांगतंय? इथं आपण दोघंच आहोत."

"मी इसेबालुकू आहे. तसाच मरणार."

धाप लागलीच. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी थोडा वेळ तसाच बसलो असतो तर कदाचित वितळलो असतो, पण मी उठलो आणि म्हणालो, "ढग आले, चल." तिने खाचेतलं एक अंडं तिथेच ठेवलं. दुसरं उचलून पुन्हा पिठात पुरलं. मी ते बघितलं आणि त्याचा अर्थ लावायचा कंटाळा केला.

उतरताना मी तिला शिड्यांवर हात दिला, निसरड्या जागा दाखवल्या, तिची सॅकही घेतली. चांगल्या वाटाड्याने जे करायचं ते सगळं केलं. बोललो मात्र नाही. नकला करायचो ना मी त्या जोडप्यांच्या.

पायथ्याशी, नदीकाठी गरम झरे आहेत. बायकांचं कुंड एका बाजूला, पुरुषांचं दुसऱ्या, मध्ये बोरूचा कूड. पाणी जिथून उसळतं तिथे केळी शिजतात. मी गुडघे बुडवून बसलो होतो. पलीकडे एक बाई इथुंगूला विचारत होती, "मावशी, कुठून आलात?"

"वरून. बर्फ बघून."

"या वयात? बाई बाई! आणि पोरंबाळं किती तुम्हाला?"

इथुंगू लगेच बोलली नाही. कुडाला टेकून मी बसलोय हे तिला माहीत होतं, माझा खोकला ती ओळखते. ती माझ्यासाठी थांबली होती. मी पाण्याकडे बघत राहिलो.

"एक," ती म्हणाली. "होता."

मला बरं वाटलं. देवाशपथ, मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं.

मी कपडे घालून बाहेर आलो तर तिने ते अंडं उसळत्या पाण्यात उकडून ठेवलं होतं. सोलून माझ्या हातात दिलं. "खा, भूक लागली असेल." मी खाल्लं. वर मीठही मागितलं.

त्यानंतर आम्ही चार वर्षं एकत्र राहिलो. भांडण नाही, तंटा नाही. तिने तो विषय पुन्हा काढला नाही. फक्त मला इसेबालुकू म्हणणं तिने बंद केलं. "अहो" म्हणायची, नाहीतर नुसती समोर येऊन उभी राहायची. मला कळत होतं. कॉफीचा हंगाम झाला की बोलू, असं मी ठरवायचो. हंगाम व्हायचा. पुढच्या वर्षी वर जाऊ आणि तिथेच म्हणू, असंही ठरवायचो. डोंगर चढायची काही गरज नव्हती, चुलीपाशी म्हटलं असतं तरी चाललं असतं. शब्द माझ्या तोंडात तयार होता. अहंकारी माणसाला वाटतं आपल्यापुढे वेळच वेळ आहे.

तिला खोकला झाला आणि तो छातीत उतरला. आठवडाभरही टिकली नाही. शेवटच्या दुपारी ती दाराकडे बघत होती. दारात कुणी नव्हतं, कोंबड्या होत्या फक्त. तिचा चेहरा उजळला आणि ती म्हणाली, "बालुकू?" मग ती घाबरली. माझं मनगट धरलं आणि विचारलं, "कोणता?"

मी तोंड उघडलं. रडू आधी आलं, शब्द मागे राहिला. तो बाहेर पडेपर्यंत तिचा हात सुटला होता. मी मग त्या घरात खूप ओरडलो, ब्वाम्बाले, ब्वाम्बाले, म्हणून. शेजारीण धावत आली, तिला वाटलं कुणाला तरी बोलावतोय.

परवा मी झऱ्यावर गेलो होतो. वर जाणं आता होत नाही. वाटाडे सांगतात माझ्या खुणेपासून बर्फ आणखी मागे गेलंय. सोबत दोन अंडी नेली होती. उसळत्या पाण्यापाशी, खडकाच्या खाचेत शेजारी शेजारी ठेवली आणि कुडाला टेकून कुंडात बसलो. एक तरुण माणूस समोर पाय शेकत होता. त्याने विचारलं, "नाव काय बाबा तुमचं?"

"इसेब्वाम्बाले."

"अरे वा. पोरं किती?"

"दोन," मी मोठ्याने म्हणालो, पलीकडे ऐकू जाईल असं. "थोरला बालुकू, धाकटा ब्वाम्बाले."

कुडापलीकडे बायका आपसात कशाला तरी हसत होत्या. कुणी थांबलं नव्हतं.

"कुठे असतात?" त्याने विचारलं.

"आईजवळ," मी म्हणालो.