माझी सावली उलटी चालते

मित्रांनो, मला काटे नाहीत, चावी नाही आणि टिकटिक तर मुळीच नाही. एका घराच्या मागच्या अंगणात, विटांच्या कमरेएवढ्या ओट्यावर मी ऊनपाऊस खात पडून असतो. मी एक पितळी सूर्यघड्याळ आहे, आणि आता चांगलाच जुना झालो आहे. गोल तबकडी, तिच्यावर तासांचे आकडे आणि मधोमध एक तिरके पाते. पात्याची सावली ज्या आकड्यावर पडेल तितके वाजले, एवढा साधा माझा कारभार. पण तोही मला धड जमला नाही. मी फक्त भर दुपारी बारा वाजता खरे बोलतो. बाकी सारा दिवस माझ्या तोंडून चुकीचेच निघते. यात माझा दोष किती आणि इतरांचा किती, ते तुम्हीच ठरवा.

माझा जन्म पृथ्वीच्या उत्तर भागातला, कर्कवृत्ताच्याही वरच्या एका गावातला. मला घडवणारे गृहस्थ दारावरच्या नावाच्या पाट्या कोरून पोट भरत. त्यांची लेक त्यांना बाबा म्हणे, म्हणून मीही बाबाच म्हणतो. काम पाट्यांचे, पण जीव सगळा सावल्यांत अडकलेला. घराच्या गच्चीवर ते खडूने सावल्यांच्या रेघा ओढत बसत. आई, म्हणजे त्यांची बायको, ओल्या कपड्यांची बादली घेऊन वर आली की कपाळाला हात लावी. "अहो, चार साड्या वाळत घालायला तरी जागा ठेवा!" असे म्हणे आणि मुद्दाम रेघांवरून चालत जाई.

लेक परिचारिका झाली आणि नोकरीसाठी थेट पृथ्वीच्या दक्षिण भागात, समुद्रापलीकडे गेली. तिकडेच तिचे लग्न झाले, घर झाले. त्याच सुमारास पाट्या कोरायची यंत्रे आली. बाबांकडे गिऱ्हाईक फिरकेना. ते चिडचिडे झाले, कुणाशी धड बोलेनात. मग एके दिवशी त्यांनी पितळेचा एक जाड पत्रा आणला आणि लेकीच्या अंगणासाठी मला घडवायला घेतले. आई मला पुसताना शेजारणीला म्हणाली होती, "हे घड्याळ आलं आणि आमचा माणूस परत जेवायला लागला." ते शब्द माझ्या अजून लक्षात आहेत.

बाबांचे काम चोख. फोनवर त्यांनी लेकीच्या गावाचे अक्षांश विचारून घेतले. "आपल्याइतकेच आहेत बाबा, फक्त विषुववृत्ताच्या खाली," ती म्हणाली. त्यांनी पाते बरोबर तेवढ्या कोनात बसवले आणि मला गच्चीवर ठेवून रोज तपासले. मी एकदाही चुकलो नाही. अवघड होते ते सगळे त्यांनी पाहिले. सोपे होते तेवढे राहून गेले. ती राहते तिथे सूर्य आकाशाच्या कुठल्या बाजूने जातो, हा विचार त्यांच्या मनाला शिवलाच नाही. शिवणार कसा? त्यांनी जन्मभर सूर्य दक्षिणेकडून जातानाच पाहिला होता.

गच्चीवरच्या त्या दिवसांत मला आकाशाची ओळख झाली. संध्याकाळी उत्तरेला ध्रुवतारा दिसे. पौर्णिमेच्या चंद्रावर ससा नीट बसलेला असे. मला वाटले, आकाश म्हणजे हेच, आणि ते सगळीकडे असेच असणार. बाबांना तरी वेगळे काय वाटत होते?

लेकीच्या घरी पेटी उघडली तेव्हा ती माझ्यावरून हात फिरवत रडली. मग तिने आणि जावयांनी बाबांच्या सूचनेप्रमाणे मला उत्तरेकडे तोंड करून बसवले. दुपारी सावली पडली ती जिथे आकडेच नव्हते तिथे! जावई बराच वेळ वर सूर्याकडे आणि खाली माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मला उचलून उलट दिशेला फिरवले. सावली बरोबर बारावर आली. दोघांनी टाळ्या वाजवल्या. तासाभराने पाहतात तर सावली अकरावर. आणखी तासाने दहावर. मी मागे मागे चाललो होतो.

मित्रांनो, इथे सूर्य उगवतो पूर्वेलाच आणि मावळतो पश्चिमेलाच. पण मधल्या वेळात तो उत्तरेकडून जातो. त्यामुळे माझी सावली दक्षिणेला पडते आणि घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते. सकाळी नऊ वाजता मी तीन दाखवतो आणि दुपारी तीनला नऊ. रात्रीचे तर विचारूच नका. ध्रुवतारा इथल्या जमिनीच्या खाली दडलेला, तो कधीच वर येत नाही. मृग नक्षत्र पाय वर करून उभे. चंद्रावरचा ससा डोक्यावर उभा. आकाशातल्या या सगळ्यांना कुणी चुकले म्हणत नाही. चुकलेला मी एकटाच.

जावई हसत म्हणाले, "छान आहे की! हे बघून कामावर गेलो तर सकाळी गेल्या गेल्या घरी परतायची वेळ. बाबांना सांग, त्यांनाही गंमत वाटेल."

"नको," लेक म्हणाली. "कसेबसे सावरलेत ते. आता हेही चुकलं म्हटलं तर परत हत्यार हातात धरायचे नाहीत."

तिला रोग्यांना धीर देण्याची सवय होती. जखम चिघळत असली तरी "येतंय हं बरं" असे म्हणायची सवय. त्याच सवयीने ती बाबांशीही बोलू लागली. दर रविवारी बाबांचा फोन येई आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "किती वाजले गं आपल्या घड्याळात?" ती खिडकीत माझ्याकडे पाठ करून उभी राही आणि भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ सांगे. "एकदम बरोबर आहे, बाबा." पलीकडून बाबांचे खुशीतले हसणे ऐकू येई. ते ऐकून माझे पितळ काळवंडत असे, असे मी म्हटले तर तुम्ही हसाल. पण मला खरोखर मेल्याहून मेल्यासारखे होई.

अशी वर्षे गेली. मधे आईही गेली. एकटे पडलेले बाबा म्हणाले, आता तुझ्याकडे राहून जातो, आणि माझं घड्याळही बघतो.

ते आले तेव्हा लेकीने आधीच माझ्यावर जाड गोणपाट टाकून ठेवले होते. "ऊन फार आहे बाबा, पितळ तापतं, हात भाजेल," असे सांगून तिने त्यांना सकाळभर घरात अडकवून ठेवले. बाराच्या ठोक्याला त्यांना बाहेर आणले आणि गोणपाट काढले. सावली बरोबर बारावर. बाबांचा चेहरा असा फुलला की काय सांगू! ते माझ्यावरून बोटे फिरवू लागले आणि तेव्हा मला कळले, की त्यांचे हात थरथरतात. एके काळी केसाएवढी रेघ ओढणारे हात. लेकीने ते पाहिले आणि मान फिरवली. मग "चला, जेवण निवतंय," म्हणून ती त्यांना आत घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी लेक आणि जावई कामावर गेले. बाबा चहाचा कप घेऊन एकटेच अंगणात आले. त्यांनी गोणपाट बाजूला केले. मी तीन दाखवत होतो. बाबांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिले, ते कानाला लावले, त्याच्यावर टिचकी मारली. मग वर पाहिले, खाली पाहिले. अंगणात स्वतःभोवती एक पूर्ण फेरी मारली. आणि एकाएकी मोठ्याने हसत सुटले. आत जाऊन त्यांनी खुर्ची आणली आणि डोक्यावर रुमाल टाकून माझ्यासमोर बसले. चहा निवून गेला, त्याच्यावर साय धरली, तरी ते सावलीवरची नजर काढीनात.

दुपारी लेक परतली आणि दारातच थबकली.

"तुला माहीत होतं?" बाबांनी विचारले.

"पहिल्याच दिवशी कळलं होतं, बाबा."

"आणि फोनवर सांगायचीस ते?"

"भिंतीवरचं घड्याळ बघून."

तिच्या डोळ्यांना धार लागली. "तुम्हाला वाईट वाटलं असतं, बाबा."

"वाटलं असतं ना. चार दिवस तोंड पाडून बसलो असतो. तुझ्या आईने टोमणे मारले असते." त्यांनी माझ्यावर बोट टेकवले. "मग उठून दुसरं कोरायला घेतलं असतं गं! अगं, इथे सावली उलटी चालते! जन्मभर सावल्या मोजल्या मी, आणि एवढी मोठी गंमत माझ्यापासून लपवून ठेवलीस?"

लेक त्यांच्या पायाशी बसली. बाबांनी तिच्याकडून खडू मागून घेतला आणि माझ्या तीनच्या आकड्याशेजारी नऊ काढायला गेले. खडू थरथरत घसरला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला त्यांनी खडू तिच्या हातात दिला.

"तू लिही. मी सांगतो."

त्यांनी आकडे सांगितले, तिने लिहिले. वाकडेतिकडे, लहानमोठे. बाबा ते बघत "छान, छान" म्हणत राहिले. ते परत गेल्यावर पहिल्याच पावसात खडू धुऊन गेला. लेकीने पुन्हा लिहिले, पुन्हा पाऊस आला. आता बाबा नाहीत. तरी पाऊस थांबला की ती खडू घेऊन येते. पितळेवर पक्के आकडे कोरून देणारा कारागीर गावात आहे, पण तिला तो नको आहे. तिला हवा तो हात आता मिळायचा नाही.

मित्रांनो, मला जपा, पुसा, असे मी म्हणत नाही. पितळ पुष्कळ टिकते. पण तुमच्या घरात कुणी जीव ओतून काही केले आणि ते चुकले, तर त्याला सांगा. मायेने सांगा, हसून सांगा, पण लगेच सांगा. त्याचे हात धड आहेत तोवर सांगा.