बाबांची दुनळी

बाबा गेले, तेव्हा मला रडू आलं नाही. तसं काहीच आलं नाही. आई म्हणाली, "तुझा धंदाच आहे, तेवढी ती बंदूक बघून टाक." जुन्या बंदुकांची पारख करून माझं पोट चालतं, पण घरातल्या या दुनळीला त्यांनी मला कधी हात लावू दिला नव्हता.

नेहमीसारखी सुरुवात केली. नळ्या टांगून टिचकी मारली. घंटेसारख्या वाजल्या, म्हणजे सांधे शाबूत. मग दस्ता डोळ्यांसमोर धरला. तो डावीकडे झुकलेला होता. असा दस्ता डावखुऱ्या माणसासाठी मुद्दाम घडवतात.

"आधी कुणाची होती ही?"

"कुणाची म्हणजे? त्यांनीच माप देऊन करून घेतली," आई म्हणाली. "मुळात डावरेच ते. लोक हसतात म्हणून सवय मोडली."

मी डाव्या हाताने पेन्सिल उचलली, की हेच बाबा फूटपट्टी घेऊन धावायचे. अजूनही उजव्यानेच लिहितो. अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला.

"काय येईल हिचं?"

"डावऱ्याच्या बंदुकीला गिऱ्हाईक नसतं."

आई आत गेल्यावर मी ती डाव्या खांद्याला लावून पाहिली. माप माझंच होतं.