लोखंडी नाकाचा बूट पार्टीला जातो

मित्रांनो, हसायचं नाही हं, आधीच सांगतो. मी एक सेफ्टी बूट आहे. काळा, जाडजूड, यार्डातली धूळ खाल्लेला. आणि मी डान्स करून आलोय! खोटं वाटतं ना? माझ्या डाव्या भावाला विचारा. तो हा काय, शेजारीच बसलाय. तो कमी बोलतो, म्हणून सगळं मलाच सांगावं लागतं.

आमचा जन्म कारखान्यातला. चामडं कापलं, शिवलं, खाली रबराचा जाड तळ बसवला. आणि नाकात, म्हणजे जिथे माणसाची बोटं येतात ना, तिथे आतून लोखंडाची वाटी घातली. वरून काही कळत नाही. पण टिचकी मारून बघा, तुमचंच बोट दुखेल!

खोक्यात बसून आम्ही थेट उरणजवळच्या द्रोणागिरीला आलो, कंटेनरच्या यार्डात. तिथे आम्ही उदयसिंहच्या पायात गेलो. उदयसिंह म्हणजे उदय, यार्डातला चेकर. कुठला कंटेनर आला, कुठला गेला, सील नीट आहे का, हे तो बघतो. मूळ गाव साताऱ्याकडचं, राहायला कळंबोलीत. त्याचे वडील बाबासो तिथल्याच लोखंड बाजारात माथाडी. आणि या बापलेकांचे पाय, काय सांगू तुम्हाला! पुढून पंजा असा पसरट, की चपलेच्या दुकानात पोरगा त्यांच्याकडे बघूनच मान हलवतो. आमच्यात मात्र उदयचा पाय असा बसला, जसा पाट्यावर वरवंटा.

एकदा तर माल रचायच्या लाकडी पॅलेटचा कोपरा सुटला आणि धाडकन माझ्या नाकावर! उदय ओरडला, सगळे धावले. बूट काढून बघतात तर पाचही बोटं जागच्या जागी. सुपरवायझरने मला हातात धरून सगळ्यांना दाखवलं. "बघा रे, म्हणून सांगतो बूट घाला!" माझी छाती, म्हणजे नाडीखालची जीभ, नुसती फुगली होती. पण कौतुक एक दिवसाचं. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तेच. नाडी न सोडता टाचेवर टाच दाबून काढायचं, ओले मोजे आत कोंबायचे, दाराशी भिरकावायचं. चालायचंच. काम आवडायचं मला.

आता खरी गोष्ट. उदयचा जिगरी दोस्त शादाब. उरणचा, यार्डाच्या ऑफिसात कागदपत्रं बघायचा. दोघं रोज एकाच डब्यात जेवायचे, म्हणजे दोन डबे उघडायचे आणि मधेच एक करून टाकायचे. तर या शादाबला मस्कतला नोकरी लागली, बंदरावर. जाण्याआधी त्याची एकच इच्छा. सगळ्या पोरांनी मिळून बेलापूरच्या एका क्लबात जायचं, गाणी, नाच, मजा. तो स्वतः लिंबू-सोड्याच्या पुढे जात नाही, पण नाच म्हटलं की वेडा.

आणि उदय पळवाट शोधायला लागला.

का? कारण मागे यार्डातल्याच आकाशच्या वाढदिवसाला अशाच एका ठिकाणी गेले होते सगळे. उदयच्या पायात फ्लोटर, म्हणजे पट्ट्यांचे सॅन्डल. दारावरच्या माणसाने पाय बघितले आणि हात आडवा. एकासाठी सगळे परत फिरले, गाडीवर पावभाजी खाल्ली. "जाऊ दे रे" म्हणाले सगळे. पण रिक्षात बसताना कुणीतरी हळूच बोललंच, "पुढच्या वेळी उदयला घरूनच तपासून आणा." हे मला फ्लोटरांनी सांगितलं. तेव्हापासून बिचारे रॅकच्या तळाशी तोंड लपवून बसलेत.

बूट घ्यायचा प्रयत्न उदयने केला नाही असं नाही. पनवेलच्या दुकानात गेला. पंजा बसेना, तर दुकानदार म्हणाला, मोठी साईझ घ्या. मोठी घेतली, तर पुढे बोटभर होडी आणि मागे टाच बाहेर. तसाच परत आला. मग त्याने शादाबला फोन लावला.

"शाद्या, तुमी जावा. मला ताप हाय."

"कुठे, पायात?" शादाब म्हणाला.

उदयने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐक उदय. तू नाय तर मी पण नाय. मग मस्कतला जाऊन रडत बसेन, चालेल?"

"आरं, पुन्हा माझ्यापायी सगळी माघारी फिरायची..."

"शनिवारी घरी येतो," शादाब म्हणाला आणि फोन कट.

आला ना! शनिवारी दुपारी, स्कूटरवर, मागे त्याची बहीण नूरीन आणि मांडीवर भलीमोठी पिशवी. पिशवीत मोहल्ल्यातल्या सगळ्या भावांचे बूट! उदयची आई सत्यभामा दार उघडून बघतच राहिली.

"काय रं शादाब, दुकान टाकलंस का?"

"काकी, आज तुमच्या मुलाला नवरदेव करतो."

"कर बाबा, आमी दमलो सांगून सांगून."

नूरीन फार्मसीला आहे, पण बुटांच्या बाबतीत नुसती डॉक्टरच. फरशीवर सगळे जोड मांडले आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"पांढरे स्नीकर बाद."

"अगं, पण ते महागाचे हायत," उदय म्हणाला.

"दारावरचा माणूस बिल मागतो का दादा? खेळाचा बूट दिसला की गेलास. कोल्हापुरी बाद, बोटं दिसतात. ही मोजडी कुणी टाकली पिशवीत?"

"मी," शादाब म्हणाला. "चमकते."

"तूच घाल मग आणि घोडा पण आण. दादा, ऐक. बंद बूट पाहिजे, चामड्याचा. काळा किंवा चॉकलेटी, आणि पट्टा त्याच रंगाचा. नाचायचं आहे ना? मग टाच धरून ठेवणारा पाहिजे, नाहीतर तू एकीकडे नाचशील, बूट एकीकडे."

मग सुरू झालं. लोफर घातला, अर्ध्यातच अडकला. नाडीवाला चॉकलेटी घातला, दोन पावलं चालला, आणि चेहरा असा केला, जसा कुणी कान पिरगळलाय. एकेक जोड बाजूला पडत गेला. उदय खाली बसला. त्याचे कान लाल झाले होते.

"बास झालं. तुमी जावा खरंच."

आणि मित्रांनो, तेवढ्यात नूरीनची नजर दाराकडे गेली. माझ्यावर!

"ते कुणाचे?"

"ते? ते ड्युटीचे हायत."

"घाल."

"आगं, येडी का काय? ते यार्डात..."

"घाल म्हणते ना!"

उदयने घातलं. नूरीन मागे सरकली, डोळे बारीक केले. "काळा आहे. चामडं आहे. नाडी आहे. बंद आहे. दादा, पँट खाली सोड जरा. शादाब, मार्कर दे." कडेला कंपनीची पिवळी पट्टी होती, तिच्यावर तिने काळं फासलं. "आता सांग, काय कमी आहे?"

काही कमी नव्हतंच, उलट जास्त होतं! ते नाकातलं लोखंड! पण यार्डातली माणसं त्याला इतकी सरावतात, की ते आहे हेच विसरतात. उदय विसरला. शादाब विसरला. मी ओरडून सांगितलं असतं, पण जीभ असून मला बोलता कुठे येतं!

तेवढ्यात बाबासो कामावरून आले. खांद्यावरचा टॉवेल काढला, सगळा पसारा बघितला.

"कुठं निघाली फौज?"

"हाटेलात कार्यक्रम हाय, बाबा. बूट बघून आत सोडत्यात."

"खायाचं तोंडानं आन् बघत्यात पाय?" बाबासो हसले. मग आम्हाला उचललं, उलटं केलं. "वरनं काळं फासून काय उपेग? तळ बघा की."

आमच्या तळाच्या खाचांत यार्डाची सगळी माती, खडी, ग्रीस. बाबासो उंबऱ्यात बसले, एक जुना खिळा घेतला आणि एकेक खाच कोरून काढली. फडक्याने पुसलं. मग पॉलिश, मग ब्रश, मग पुन्हा फडकं. मित्रांनो, इतक्या दिवसांत मला असं कुणी हातात धरलं नव्हतं. मी शाई प्यायल्यासारखा चमकायला लागलो. डावा तर लाजून लाजून वाकडा.

त्याच संध्याकाळी बेलापूरला पोचलो तेव्हा उजेड होता अजून. दाराबाहेर पाटी, सॅन्डल नको, खेळाचे बूट नको. पाटीशेजारी बाउन्सर, बाजीराव नावाचा, छातीवर बिल्लाच होता. त्याने उदयला वरून खाली बघितलं. शर्ट, पट्टा, पँट, मी. मी श्वास रोखला. त्याने मान हलवली, जा! उदयचा पाय हलका झालेला मला कळला. त्याने ऐटीत दारातल्या धातू शोधणाऱ्या मशीनच्या चौकटीत पाऊल टाकलं, आणि...

टूं टूं टूं टूं!

बाजीरावने हातातलं यंत्र फिरवलं. खिसे गप्प. पट्टा काढला, गप्प. खाली माझ्याजवळ आणलं, टूं टूं टूं! डाव्याजवळ आणलं, टूं टूं टूं!

"काय आहे यात?"

उदय पुटपुटला, "लोखंड."

रांगेतली मागची पोरं फिदीफिदी हसली. बाजीराव म्हणाला, "भाऊ, हा सेफ्टी बूट आहे. असा कसा सोडू? बाजूला व्हा, मागे लोक आहेत."

उदयचा तळवा माझ्या आत घामाने भिजला. तो शादाबकडे वळला, पण डोळे खाली. "तुमी जावा आत. ह्या बारीला कुणी माझ्यामागं यायचं न्हाई. शप्पथ हाय."

शादाब तिथेच पायरीवर बसला आणि आपल्या बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

"काय करतोस?" बाजीराव.

"मशीन बुटाला ओरडतं ना? बूट काढतो. उदय, काढ तू पण."

मग आकाश बसला. मग बाकीचे. बघता बघता दारात बुटांची ओळ लागली.

"अरे, सत्यनारायण आहे का इथे?" बाजीरावला हसू आवरेना, पण रागवायचंही होतं. "उचला, उचला!"

उदय मोज्यांवर चौकटीतून गेला. मशीन एकदम गप्प.

"बघा दादा," शादाब म्हणाला, "माणूस नाय वाजत. बूट वाजतो."

गोंधळ ऐकून मॅनेजर बाहेर आल्या, वैजयंती मॅडम. ओळ बघितली, मोजे बघितले. एकाच्या मोज्यातून अंगठा डोकावत होता. त्यांनी मला उचललं. "बापरे, वजन केवढं! कुणाचा हा?"

"माझा," उदय म्हणाला. "द्रोणागिरीला यार्डात असतो मी. दुसरा बसत न्हाई पायात, मॅडम. रुंद पाय हाय. ह्या शादाबला सोडा आत, हा परवा मस्कतला चाललाय. मी थांबतो भाईर."

मॅडमनी पाटी बघितली, मला बघितलं. "बंद आहे, चामड्याचा आहे, पॉलिश तर आरसाच. बाजीराव, पाटीवरचं काय मोडलं यांनी?"

"मॅडम, तळ बघा ना. असल्या तळाला खडी असते. आपला लाकडी फ्लोअर आहे, चरे पडतील."

खरं होतं ते, मित्रांनो! बाजीराव काही वाईट माणूस नव्हता. मॅडमनी मला उलटं केलं. सगळे वाकले. त्यांनी माझ्या खाचेतून बोट फिरवलं, एक खाच, दुसरी खाच, टाचेपर्यंत. बोट वर धरलं. स्वच्छ! एक कण नाही!

"कुणी साफ केलाय?"

"बाबांनी," उदय म्हणाला. "खिळ्यानं."

मॅडमनी ते बोट बाजीरावला दाखवलं. मग मला उदयच्या हातात दिलं. "घाला. आणि बाकीच्यांनो, तुम्ही पण घाला लवकर, मोज्यांचा वास सुटलाय."

आणि मग काय सांगू! आत निळे-जांभळे दिवे, छातीत धडधडणारा ढोल, आणि मी लाकडी फ्लोअरवर! सुरुवातीला उदय भिंतीला चिकटून उभा. शादाबने ओढला. मग लेझीमसारखं काहीतरी सुरू केलं उदयने, साताऱ्याचं पाऊल ते, आणि पोरं त्याच्यामागे! कुणाची तरी टोकदार टाच आली माझ्या नाकावर, ती बाई "सॉरी सॉरी" करते, आणि उदय हसत म्हणतो, "काय न्हाई ताई, अजून एकदा द्या!" दमून बसले तेव्हा शादाबने उदयच्या खांद्यावर हात टाकला. लिंबू-सोड्याच्या ग्लासातला बर्फ वाजत होता.

आता शादाब मस्कतला आहे. जेवायच्या सुट्टीत फोनवर दिसतो, डबा दाखवतो. नूरीनने उदयला रुंद पंजाचे बूट मिळणारं दुकान शोधून दिलं. संध्याकाळी नेलं त्याला, कारण दिवसभर चालून पाय फुगतो आणि खरं माप तेव्हाच कळतं. नवा काळा जोड आता रॅकवर वरच्या कप्प्यात असतो. आम्ही खाली. रोज यार्डात जातो, मस्त चाललंय. नवा जोड कधीकधी विचारतो, "नाचताना भीती वाटते का हो?" मी म्हणतो, तळ साफ असेल तर नाही.

तर मित्रांनो, एवढंच मागतो. बूट काढताना नाडी सोडा, ओलं असेल तर आत कागद भरा, वर पॉलिश कराल तेव्हा खाली पण एक नजर टाका. दुकानात गेलात तर आधी आपला पाय बघा, मग साईझचा आकडा. आणि कधी एखाद्या दारात तुमच्यातल्या एकालाच अडवलं, तर बाकीच्यांनी खुशाल बूट काढून बसा. आम्हा बुटांना दाराबाहेर थांबायची सवय आहे. दोस्ताला ती लागू देऊ नका.