नदी मोकळी ठेवा

"होडी सुटलीच नाही म्हणता? खोटारडे आहात तुम्ही, साहेब. होडी बुडाली, आणि तुम्ही बँडसुद्धा थांबू दिला नाही."

असं म्हणत वामनने रंगाचं फडकं भिरकावलं. ते खुर्चीच्या हातावर जाऊन चिकटलं. खुर्चीत कोणी नव्हतं. चित्रासाठी बसायला कचेरीच्या बड्या साहेबांना सवड नव्हती, म्हणून त्यांनी आपली खुर्ची पाठवून दिली होती. लाल मखमलीची, पाठीवर पितळी बिल्ला ठोकलेली. चेहरा फोटोवरून उतरवा, खुर्ची मात्र हुबेहूब यायला पाहिजे, असा निरोप होता.

चित्र भिंतभर होतं. नवा प्रांत झाला त्या दिवसाचा बऱ्हाणपूरचा राजघाट. पताका, फेटे, कमान, पायऱ्यांवर गर्दी आणि मध्ये साहेब. नागपूरशी असलेलं नातं तोडून बऱ्हाणपूर भोपाळला जोडलं, त्याच्या उत्सवाचं हे चित्र वर्षदिनाला नव्या कचेरीत लागायचं होतं. हुकमात शेवटी एक ओळ होती. नदी मोकळी ठेवा.

वामन नदी मोकळीच रंगवत होता. संध्याकाळी मोकळी सोडून जायचा. सकाळी पाण्यात कोणीतरी असायचं. खरवडलं तरी, वर सफेद्याचा जाड हात मारला तरी, दुसऱ्या दिवशी पुन्हा तो चेहरा, आणि बाजूला आणखी एक.

वामनला चेहरे नवे नव्हते. तो शिकला नाटक कंपनीच्या पडद्यांवर. महाल, अरण्य, कारंजी. मागच्या रांगेतल्या माणसालाही दिसावेत असे जाड, भडक रंग. कंपनी मोडली तेव्हा तो मेलेल्यांकडे वळला. इकडे फोटो काढून मरणारे थोडे. माणूस गेलं की घरचे वामनकडे यायचे आणि वामन त्यांनाच समोर बसवायचा. भावाकडून कान घ्यायचा, लेकीकडून हनुवटी. मेलेला माणूस जिवंतांच्या अंगावर वाटून ठेवलेला असतो, आपण नुसता गोळा करायचा, असं म्हणायचा. डोळे शेवटी. घरच्या कोणीतरी गेलेल्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं, मगच कुंचला डोळ्यांना लागायचा. तोवर तिथं पांढरे खळगे. धूलकोटपासून जळगावपर्यंत भिंतींवर त्याची माणसं टांगलेली होती.

होडीनंतर त्याचा हात बदलला. रेघ गेली. पातळ, तेलकट रंगाचे थरावर थर, त्यांच्या तळातून काहीतरी वर यायच्या बेतात. उन्हाळ्यात नागपूरच्या प्रदर्शनात कोण्या शिकलेल्यानं त्याला 'नवी शैली' म्हटलं. शैली कसली डोंबलाची! माणूस बायको शोधत होता.

मंगला नदीपलीकडे जैनाबादच्या शाळेत शिकवायची. मास्तर लोकांनी उत्सवाला हजर राहायचं, असा हुकूम निघाला, म्हणून ती सरकारी होडीत बसली. वामन कमानीवर चढून शेवटचा हात देत होता. त्याने वरून पाहिलं. खच्चून भरलेली होडी एका अंगाला कलली आणि पाणी पुन्हा सपाट झालं. खाली बँड वाजतच राहिला, मग भाषण झालं. कचेरी म्हणाली, त्या दिवशी होडी सुटलीच नाही. होडीवाला नोकरी सोडून पळाला. मास्तरीण न सांगता निघून गेली. या 'निघून गेली'वर गाव वर्षभर मिटक्या मारत होतं.

आणि मंगला पोरकी. आश्रमात वाढलेली. पोटी मूल नाही. समोर बसवायला रक्ताचं कोणी नाही. साऱ्या मुलखाचे मेलेले गोळा करणाऱ्याला आपलं एक माणूस गोळा करता येत नव्हतं. रोज सकाळी तो पाण्यातले चेहरे एकेक करून तपासायचा. ती नसायची.

"कोणाशी भांडून राह्यले, वामनभाऊ? खुर्चीशी?"

शेजारच्या मथुराबाई दारात होत्या. मंगला गेल्यापासून त्याची भाकरी त्याच आणायच्या.

"खुर्ची निदान ऐकते तरी."

"ऐकते, पण हलत नाही. सरकारीच ना ती!" हसत त्या थाळी ठेवायला वाकल्या, आणि वाकलेल्याच राहिल्या. त्यांची नजर चित्रातल्या पाण्यावर गेली होती.

"भाऊ, हा कोण आहे?"

"मला नाही मालूम. मी काढला नाही."

"माझी हनुवटी घेतली तुम्ही याला." त्यांचा हात स्वतःच्या हनुवटीवर होता. त्यांचा धाकटा भाऊ कमानीला बांधायचे केळीचे खांब घेऊन त्याच होडीत चढला होता.

"तुम्ही रोज इथं उभ्या राहता, बाई. मी न बघता हातानं बघितलं असेल."

"दगा," मथुराबाई म्हणाल्या. "माझा भाऊ दगा आहे हा."

नाव घेतलं होतं. वामनने सवयीनं कुंचला उचलला आणि पुढे झाला. मग थांबला. खळगे भरलेले होते. पाण्यातून दगा बहिणीकडे बघत होता. वामनने कुंचल्याचे केस अंगठ्यावर फिरवले. कोरडे होते.

दुपारी साहेब आले. बरोबर कचेरीतला टायपिस्ट अरविंद. चित्र कुठवर आलं ते बघायला अरविंद रोज यायचा, पण उंबऱ्याशी उभा राहून कमानीबद्दल विचारायचा आणि जायचा. नदीकडे त्याने कधी मान वळवली नव्हती.

साहेब खुर्चीवरचं फडकं दोन बोटांनी उचलून बाजूला टाकून बसले.

"वाह, पेंटरजी. कुर्सी बढ़िया उतारी है." मग त्यांचं बोट खाली आलं. "ये पानी में कौन लोग हैं?"

"तुम्ही सांगा."

"अरविंद, हमने क्या लिखवाया था?"

"नदी मोकळी ठेवा, साहेब."

"तो फिर देखो, क्या किया है इसने."

अरविंदला बघावं लागलं. काठाजवळ एक म्हातारा वर आला होता. लांब कान, पाळ्या सुटलेल्या. डोळ्यांच्या जागी पांढरं. अरविंदचा हात नकळत आपल्या कानाकडे गेला. 'होडीवाला नोकरी सोडून पळाला' हे वाक्य कचेरीच्या मशीनवर त्यानेच बडवलं होतं.

"पहचानते हो?" साहेबांनी विचारलं.

अरविंदने कानावरचा हात खाली घेतला.

"उखर्डू," तो म्हणाला. मग खोलीभर ऐकू जाईल असं, "माझा बाप आहे, साहेब. उखर्डू."

कोणी जागचं हललं नाही. वामनचे दोन्ही हात पाठीमागे होते. पाण्यातल्या म्हाताऱ्याने डोळे उघडले होते आणि तो लेकाकडे नाही, साहेबांकडे बघत होता.

"सफेदा मारो," साहेब म्हणाले. "अभी."

वामनने सफेद्याचा डबा आणून त्यांच्या पायाशी ठेवला. वर रुंद ब्रश आडवा ठेवला.

"तुम्ही मारा. मी रोज मारतो, थकलो."

साहेब उठू लागले. अरविंद दाराशी गेला होता. त्याने दार उघडलं नाही, पाठ लावून उभा राहिला.

"बसा, साहेब," वामन म्हणाला. "पाण्यातल्या ह्यांची माणसं या खोलीत येत गेली, म्हणून हे आले. माझ्या मंगलेचं रक्ताचं कोणी नाही. तिचं नाव मी रोज घेतो, पाणी हलत नाही. म्हटलं, ज्यांनी तिला होडीत बसवलं ते एकदा इथं बसू देत. खुर्चीकडून काही निघालं नाही. आता तुम्ही बसलात."

साहेब त्याच्याकडे बघत नव्हते. चित्रातल्या त्यांच्या बुटांच्या खाली, जिथं नदी अजून कोरी होती, तिथला सुकलेला रंग ओला दिसू लागला होता.

"नाव घ्या तिचं. नाहीतर एवढंच सांगा मला. होडी सुटलीच नाही, तर माझी बायको घरी का नाही आली? बोला."